आधी हात कुठे जातो ते पाहा, टाइल्स नंतर निवडा

प्रश्न: माझे वडील ७८ वर्षांचे आहेत. दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका येऊन गेला. डावी बाजू अजून कमजोर आहे. उजव्या हातात काठी घेऊन घरात हिंडतात-फिरतात. आई ७३ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखतात, उंचीने बाबांपेक्षा बरीच कमी. दोघं एकच बाथरूम वापरतात. पाच फूट बाय साडेसात फूट, आत जायला चार इंचांचा उंबरा, दार सव्वादोन फुटांचं आणि आत उघडणारं. मागच्या महिन्यात बाबा कमोडवरून उठताना उजव्या हाताची टॉवेलची दांडी धरायला गेले आणि दांडी भिंतीतून उपटून हातात आली. लागलं नाही, पण आम्ही सगळे हादरलो. भाऊ म्हणतो, सगळं तोडून नवं करू, दार असलेला टब बसवू. ठेकेदार म्हणतो, आधी टाइल्स पसंत करा, दांड्या काय नंतर कधीही लावता येतात. बाबा म्हणतात, माझ्या घराचा दवाखाना करू नका. आई काहीच बोलत नाही. मी सुरुवात कुठून करू? (एक मुलगी)

ताई,

त्या दांडीची भिंतीत राहिलेली दोन भोकं सध्या बुजवू नका. उठताना बाबांचा हात नेमका कुठे जातो हे ती भोकं ठेकेदारापेक्षा, आणि माझ्यापेक्षाही, अचूक सांगतात. तोल जाऊ लागला की कुणी विचार करून आधार निवडत नाही. जवळ असेल ते धरलं जातं. नळ, बेसिनची कड, दाराचं हँडल, शॉवरची काच, काहीही. टॉवेलची दांडी टॉवेलच्या वजनासाठी केलेली असते, तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. उतारवयात वापरायच्या बाथरूमबद्दल माझा हट्ट एवढाच असतो: हाताच्या टप्प्यात जे जे आहे त्याने अख्ख्या माणसाचं वजन पेललं पाहिजे. जे पेलणार नाही ते टप्प्याबाहेर हलवायचं.

तेव्हा टाइल्सचं दुकान राहू द्या आणि हातोडाही राहू द्या. एका दुपारी बाथरूम पूर्ण कोरडं करा. बाबांना रोजचे कपडे, रोजच्या चपला आणि काठी यांच्यासह आत जायला सांगा. तुम्ही त्यांच्या डाव्या बाजूला, अर्धं पाऊल मागे राहा. ‘तुम्हाला आधार कुठे लागतो?’ असं विचारू नका. ‘कुठेच नाही’ हे उत्तर ठरलेलं आहे. फक्त करून दाखवायला सांगा, आणि हात जिथे जिथे टेकतो तिथे रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावत जा. उंबरा ओलांडताना, वळताना, बसताना, उठताना, कपडे सावरताना, बेसिनपाशी. मग हेच सगळं आईबरोबर, वेगळ्या रंगाची पट्टी घेऊन. जमलं तर या दिवशी एखाद्या ऑक्युपेशनल थेरपिस्टला घरी बोलवा. पक्षाघातानंतर रोजची कामं कशी करायची हे शिकवणं हाच त्यांचा व्यवसाय असतो, आणि आपल्या नजरेतून सुटतं ते त्यांना लगेच दिसतं.

एक गोष्ट मात्र मी आत्ताच सांगून ठेवते, कारण ती हमखास निसटते. बाबांचा भरवशाचा हात उजवा. आत शिरताना उजवीकडे दांडी लावली की काम झालं असं वाटतं. पण बाहेर येताना तीच दांडी त्यांच्या डावीकडे, म्हणजे कमजोर हाताला येते. मग ती धरण्यासाठी अंग पिळावं लागतं आणि नेमकं तिथे पाय अडकतो. म्हणून दाराच्या दोन्ही अंगांना एकेक उभी दांडी हवी. आंघोळीची बैठक अशी ठेवा की बसल्यावर नळ आणि दांडी दोन्ही उजव्या हाताशी येतील. कमोडपाशी भिंत उजवीकडे आली आहे हे तुमच्या पथ्यावर पडलं. ज्या वाचकांकडे ती दुबळ्या बाजूला आहे त्यांनी कमोड हलवण्याचा खर्च करण्याआधी दुमडणारी दांडी पाहावी. ती कमोडच्या मागच्या भिंतीवर बसते, लागेल तेव्हा खाली घ्यायची, नको तेव्हा वर उभी करून ठेवायची.

दांडी किती उंचीवर लावायची? मानकं वाचलीत तर गोंधळ वाढेल. अमेरिकेत सार्वजनिक इमारतींसाठीच्या मानकात कमोडशेजारची आडवी दांडी जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर सांगितली आहे. इंग्लंडच्या बांधकाम नियमांत व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या स्वच्छतागृहात ती ६८० मिलिमीटरवर असते, म्हणजे पावणेसत्तावीस इंचांच्या आसपास. फरक सहा इंचांहून जास्त! सार्वजनिक जागी कोण येईल हे माहीत नसतं, म्हणून तिथे एक आकडा ठरवावाच लागतो. तुमच्याकडे माणसं दोनच, तीही ओळखीची. तेव्हा बाबांना कमोडवर बसवा, तळहात खाली दाबून उठायला सांगा, आणि कोपर थोडं वाकलेलं असताना तळहात जिथे जोर देतो ती उंची घ्या. आडवी दांडी दाबून उठण्यासाठी, उभी दांडी उभं राहिल्यावर तोल सावरण्यासाठी; दोन्ही लागतात. तिरकी दांडी मला पसंत नाही, ओला हात तिच्यावरून खाली घसरत जातो.

दांडीची जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर असावी, म्हणजे मूठ नीट मिटते. आईच्या बोटांत जोर कमी असेल तर तिच्या हातात देऊनच निवडा. भिंतीपासूनचं अंतर ३८ मिलिमीटर ठेवा. त्याहून जास्त ठेवलं तर हात निसटल्यावर कोपरापर्यंतचा भाग दांडी आणि भिंत यांच्यामध्ये अडकून हाड मोडू शकतं. नुसत्या हवेच्या दाबाने चिकटणाऱ्या दांड्या घरात आणूच नका. पाहुण्यासारख्या येतात आणि न सांगता जातात.

आता तुमच्या ठेकेदाराचं ‘नंतर कधीही’. इथे त्याला अडवा. दांडीची ताकद दांडीत फार कमी असते, भिंतीत जास्त असते. वर सांगितलेल्या अमेरिकी मानकानुसार दांडी, तिचे स्क्रू आणि भिंत या सगळ्यांनी मिळून सुमारे ११३ किलोचा भार सोसायला हवा. भरीव विटांच्या भिंतीत, विटेत (सांध्यातल्या सिमेंटमध्ये नव्हे) खोल गेलेल्या अँकर बोल्टला हे जमतं. पोकळ ब्लॉक किंवा जिप्सम बोर्ड असेल तर टाइल लागल्यानंतर मारलेला प्लास्टिकचा गट्टू काय करतो ते तुम्ही पाहिलंच आहे. म्हणून टाइल लागण्यापूर्वी भिंत तयार करून घ्यायची. बोर्डाच्या भिंतीत आतल्या सांगाड्याला पाणी सोसणारा १८-१९ मिलिमीटरचा प्लायवुड ठोकून घ्या. पोकळ ब्लॉक असतील तर त्या पट्ट्यातल्या पोकळ्या काँक्रीटने भरून घ्या. चिकटपट्टीच्या खुणांपुरतं नको, जमिनीपासून दोन फुटांवरून पाच फुटांपर्यंत सलग पट्टाच करा. चार वर्षांनी गरज बदलली, दांडी सहा इंच सरकवावी लागली, तर भिंत पुन्हा फोडावी लागणार नाही. भिंत बंद होण्यापूर्वी मोजपट्टी लावून फोटो काढून ठेवा. पाण्याचे पाइप कुठून गेले तेही त्यात आलं पाहिजे. आणि दांडी बसली की ज्याने बसवली त्यालाच तिच्यावर सगळा भार टाकून लोंबायला सांगा. तो कचरला तर काय समजायचं ते समजा.

दार. या सगळ्यात माझ्या मते सर्वांत धोकादायक वस्तू तीच आहे, आणि तुमच्या पत्रात ती ओझरती आली आहे. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगाने दार अडतं आणि बाहेरच्यांना आत शिरता येत नाही. तोडफोडीची वाट न पाहता ते बाहेर उघडेल असं फिरवून घ्या. बाहेरच्या बोळात ते आड येत असेल तर भिंतीवरून सरकणारं दार करा, पण त्याची खालची पट्टी जमिनीवर उंच राहता कामा नये. कडी अशी हवी की बाहेरून नाण्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने उघडता येईल. बाबांना आतून कडी लावायची असेल तर लावू द्या, तो त्यांचा हक्क आहे. फक्त ती बाहेरून उघडली पाहिजे.

रुंदीचा विचार तोडफोड होईल तेव्हा करा. व्हीलचेअर आरामात जायला दार पूर्ण उघडल्यावर मोकळी जागा ३२ इंच लागते. तुमचं दार २७ इंचांचं, त्यातून उघडलेल्या फळीची जाडी आणि हँडल वजा केलं तर दोन फूट उरले तरी खूप. वॉकर जेमतेम जाईल, तोही बोटं सोलून घेत. बाबा आज काठीवर आहेत हे खरं, पण भिंत एकदा उघडलीच तर तेव्हाच चौकट मोठी करून घ्या. पुन्हा ते धाडस कुणी करत नाही.

कमोडच्या उंचीबद्दल तुमच्या घरात पेच आहे. साधे कमोड बसल्या जागी १५-१६ इंच भरतात. वयस्कांसाठी १७ ते १९ इंचांची बैठक सुचवली जाते, कारण जितकं खाली बसावं तितका उठताना गुडघ्यांवर ताण. पण १९ इंचांवर बसवलं तर उंचीने कमी असलेल्या आईचे पाय अधांतरी राहतील, आणि पाय टेकत नसतील तर बसणंही सुरक्षित नाही आणि पोट साफ होणंही अवघड. म्हणून मोजा: दोघांना कडक खुर्चीवर, पायात चपला घालून बसवा आणि गुडघ्याच्या मागच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर घ्या. कायमची बैठक आईच्या मापाहून इंचभर जास्त ठेवा. बाबांना उरलेली उंची घट्ट चिमटणाऱ्या, काढता येणाऱ्या बैठकीने द्या, किंवा कमोडभोवती ठेवायच्या हातांच्या चौकटीने भागवा. नुसती वर ठेवलेली सैल बैठक नको. आईसाठी पायाखाली पाट ठेवावा असं कुणी सुचवेल. तो बाबांच्या वाटेत येईल.

उंबऱ्याचं काय करायचं हे उंबरा कशासाठी आहे यावर अवलंबून आहे. त्याच्या आत आणि बाहेर, दोन्हीकडे फूटपट्टी उभी धरून मोजा. दोन्हीकडे चार इंच भरले तर तो फक्त पाणी अडवायला आहे, आणि काढता येतो. आत चढण कमी आणि बाहेर जास्त असेल, तर पाइपांसाठी आतली जमीन उचललेली आहे. ती खाली घेता येईल का हे प्लंबर जमीन उघडूनच सांगू शकेल. नाहीच घेता आली तर बाहेरून उतार करावा लागेल, आणि इथे अंदाजे काम चालत नाही. इंचाला एक फूट हा हिशेब, म्हणजे चार इंचांना चार फूट लांब उतार. त्याहून उभा केलात तर तो उंबऱ्यापेक्षा वाईट.

उंबरा काढला की पाणी बाहेर येईल, ही भीती रास्त आहे. त्याला उत्तर आतल्या उतारात आहे. जमीन दारापासून लांबच्या भिंतीकडे सलग एकाच दिशेने उतरवा आणि तिथे भिंतीच्या कडेने लांबट जाळी टाका. उतार साधारण पन्नासास एक, म्हणजे तुमच्या साडेसात फुटांना पावणेदोन इंच. याहून जास्त उतरवलं तर आंघोळीचं स्टूल डुगडुगतं. मध्ये एक चौकोनी जाळी आणि चारही बाजूंनी तिच्याकडे उतरणारी फरशी, ही नेहमीची पद्धत काठीला सर्वांत वाईट. प्रत्येक पाऊल वेगळ्या कोनात पडतं. उंबरा फोडला की वॉटरप्रूफिंगचा थर तिथे तुटतो, तो पूर्ण नव्याने आणि भिंतीवर चढवून करावा लागतो. टाइल लावण्यापूर्वी जाळी बंद करून जमिनीवर पाणी भरून ठेवा, किमान एक पूर्ण दिवस. पातळी उतरली किंवा खालच्या मजल्यावर ओल दिसली तर कामाला तिथेच थांबवा.

आता तुमच्या ठेकेदाराच्या लाडक्या टाइल्स. दुकानात ‘अँटी-स्किड’ हा शब्द कशावरही चिकटवलेला असतो. आर९, आर१० असे आकडे दाखवतील. ती जर्मन चाचणी बूट घालून, तेलकट पृष्ठभागावर केलेली असते. अनवाणी, ओल्या पायासाठी दुसरी चाचणी आहे, तिच्यात ए, बी, सी अशा श्रेणी येतात, आणि सी सर्वांत चांगली. विक्रेत्याला अनवाणी पायाची श्रेणी विचारा. सांगता आली नाही तर नमुना घरी आणा, पाणी आणि साबण ओता, कुणाचा तरी हात धरून अनवाणी उभ्या राहा. लहान आकाराच्या टाइल्सना सांधे जास्त असतात आणि पायाला पकड मिळते. मात्र फार खरखरीत फरशी घेऊ नका. तिच्या खाचांत साबणाचा थर साचतो आणि मग ती गुळगुळीत फरशीपेक्षाही दगा देते. बाथरूमच्या दारातलं सैल पायपुसणं आजच उचला.

भावाच्या टबबद्दल स्पष्ट बोलते. दार असलेला टब जाहिरातीत छान दिसतो. वापरताना माणसाला आत बसून दार लावून टब भरेपर्यंत थांबावं लागतं, आणि आंघोळ झाल्यावर सगळं पाणी वाहून जाईपर्यंत ओल्या अंगाने कुडकुडत बसावं लागतं, कारण त्याआधी दार उघडता येत नाही. आत चक्कर आली तर कुणी पटकन बाहेर काढू शकत नाही. त्यातून टबालाही पायरी असतेच. पाच फुटांच्या खोलीत तो आला तर पुढे व्हीलचेअर फिरायची आशा संपली. व्हीलचेअर जागेवर वळायला सुमारे दीड मीटरचं वर्तुळ लागतं आणि तुमची खोली आहेच तेवढी रुंद. हे वर्तुळ तेव्हाच जमेल जेव्हा जमीन सलग असेल, बेसिन भिंतीवर टांगलेलं असेल आणि त्याच्याखाली गुडघे जातील. भावाला म्हणावं, त्याच पैशांत दार रुंद कर आणि जमीन सपाट कर.

आंघोळ बसून. यावर बाबा कुरकुरले तरी ऐकू नका. पक्षाघातानंतर एका हाताने साबण लावताना दुसऱ्या हाताने आधार धरता येत नाही; त्यांना दोन्ही कामं एकाच हाताने करायची आहेत. सुरुवातीला पाठ आणि हात असलेली, रबरी बुटांची शॉवर खुर्ची पुरेल. भिंतीला दुमडणारी बैठक हवी असेल तर त्या जागीही भिंत आतून भरलेली पाहिजे. हँडशॉवरची नळी दीड मीटर तरी लांब असू द्या. तो ज्या उभ्या सळईवर वर-खाली सरकतो ती सळई हमखास धरली जाते, म्हणून वजन पेलणारीच घ्या. नळ गोल मुठीचे नकोत, दांड्याचे असावेत, आणि पाण्याच्या धारेखाली न जाता बाहेरूनच सुरू करता आले पाहिजेत.

गरम पाणी हा वेगळा धोका आहे. ६० अंश सेल्सियसचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं; ४९ अंशांना तेच व्हायला काही मिनिटं लागतात, म्हणजे हात मागे घ्यायला वेळ मिळतो. म्हाताऱ्या कातडीला हा वेळ कमीच मिळतो. शिवाय झटका आलेल्या बाजूची संवेदना कमी झालेली असू शकते; डाव्या पायावर चटका बसतोय हे बाबांना उशिरा कळेल. पाणी नेहमी उजव्या हाताने पाहायचं. टाकीतलं पाणी फार कोमट ठेवलं तर त्यात लेजिओनेला जातीचे जीवाणू वाढू शकतात, म्हणून उपाय टाकीत करायचा नाही. पाणी नळाशी येतानाच थंड मिसळून तापमान बांधून ठेवणारा थर्मोस्टॅटिक मिक्सर बसवा.

आणि ‘दवाखाना’. बाबांचं म्हणणं मला पटतं. पांढरी भिंत, पांढरा कमोड, पांढरी दांडी, डोळ्यांवर येणारा पांढरा दिवा, असं बाथरूम दवाखान्यासारखं दिसतं हे खरंच आहे. गंमत म्हणजे डोळ्यांनाही ते नकोच असतं. वयाबरोबर डोळ्यात कमी उजेड पोचतो, रंगांतला फरक पुसट होतो, आणि चकाकी जास्त त्रास देते. पांढऱ्यावर पांढरी दांडी घाईत सापडत नाही. फिकट भिंतीवर गडद, मंद चमकेची दांडी, गडद रंगाची बैठक, जमिनीपेक्षा वेगळ्या रंगाची भिंत, हे सगळं सुंदरही दिसतं आणि नजरेलाही धरतं. फक्त जमिनीत काळा पट्टा घालू नका, अंधूक नजरेला तो खड्डा वाटतो आणि माणूस तो ओलांडायला पाय उचलतो. टॉवेल टांगता येतील आणि वजनही पेलेल अशा दांड्या मिळतात. बाबांना सांगा, तिथे पुन्हा टॉवेलचीच दांडी येणार आहे, फक्त या वेळी ती निघणार नाही. रंग त्यांनाच निवडू द्या. उंची मात्र तुमच्या चिकटपट्टीची.

पलंगापासून कमोडपर्यंतच्या वाटेवर हालचालीने आपोआप लागणारे मंद दिवे लावा, जमिनीलगत. रात्री झोपेतून उठताना रक्तदाब उतरतो, काही गोळ्यांनी आणखी उतरतो. पलंगाच्या कडेला थोडं बसून मग उठायचं. चक्कर येत असेल तर गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला, दांडी त्यावर उपाय नाही.

मदतीला हाक मारायची सोय भिंतीवर छातीच्या उंचीला केलेली पाहिली की मला चीड येते. पडलेला माणूस तिथे पोचणार कसा? इंग्लंडमधल्या व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या स्वच्छतागृहांत मदतीची लाल दोरी थेट जमिनीजवळ येते, तिला दोन कड्या असतात, खालची जमिनीपासून १०० मिलिमीटरवर. घरी दोरी लावा किंवा पाणी सोसणारी बिनतारी बेल लावा, पण खाली लावा. आणि कुणी ती दोरी नीटनेटकी दिसावी म्हणून गुंडाळून वर बांधू नये.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: आई काहीच बोलत नाही. बाबा कमोडवरून उठताना आधार देणारी आईच असणार, रात्री त्यांच्यामागे जाणारीही तीच. म्हणजे या खोलीत दोन माणसं एका वेळी असतात, आणि तुमच्या नकाशात एकच आहे. बाबांच्या डाव्या बाजूला आईला उभं राहायला जागा हवी, वाकताना तिलाही धरायला काहीतरी हवं, आणि भिजणारी असेल तर तिच्या पायाखालीही पकड हवी. काचेच्या भिंतीऐवजी जड काठाचा पडदा घेतलात तर ती त्याच्या बाहेरून हात घालून मदत करू शकेल आणि बाबांचा संकोचही राहील. तिला बाबांसमोर विचारू नका. एकटी असताना विचारा: उठवताना तुझं काय दुखतं?

क्रमाबद्दल. पायपुसणं उचलणं, रात्रीचे दिवे, खुर्ची, चिमटणारी बैठक, हँडशॉवर आणि दार फिरवणं यासाठी एकही टाइल फुटत नाही. हे या आठवड्यात. सध्याच्या भिंतीत भरीव विटा असतील तर कमोडशेजारची दांडीही लगेच बसवून घ्या. नंतर काही काळ दोघांना हे वापरू द्या, पट्ट्यांच्या जागा बदलतात का पाहा. मोठी तोडफोड त्यानंतर, आणि ती सुरू करण्याआधी ठेकेदाराला टाइल्सऐवजी हे विचारा: काम चालू असेल तितके दिवस बाबा रात्री कुठे जाणार? घरात दुसरं बाथरूम नसेल तर चाकं लॉक होणारी कमोड-खुर्ची पलंगाशेजारी आणून ठेवा आणि तिची सवय काम सुरू होण्याआधीच लावा. वाळू-सिमेंटच्या पोत्यांमधून काठीने वाट काढणं हे जुन्या उंबऱ्यापेक्षा घातक आहे. ते दिवस दोघांनी तुमच्याकडे किंवा भावाकडे राहायला जावं असं सुचवून पाहा.

दोघांची गुडघ्यामागची मापं, उंबऱ्याची आतली-बाहेरची उंची आणि दाराबाहेरच्या बोळाची रुंदी कळवा. दार फिरवायचं की सरकतं करायचं, आणि बाहेरचा उतार बसतो का, हे त्यावरून सांगता येईल.